हार घातलेली भिंत

नाही नाही, तो पांढरा डबा आधी खाली ठेव — खाली ठेव म्हणतो ना, झाकण उघडू नकोस — कुणी सांगितलं तुला भिंत पुसायला? मी? मी फोनवर एवढंच म्हणालो की त्या भिंतीचं काहीतरी करा. काहीतरी करा म्हणजे पुसा, असं होतं का कुठं? पण तुमच्या त्या संस्थेचे साहेब, त्यांना कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची सवयच नाही, लगेच 'सॉरी अप्पा, उद्या मुलीला पाठवतो, पांढरं मारून देते' — म्हणजे आधी मला मारलंत, आणि आता वरून चुना टाकून मोकळे होताय होय? बस. त्या उलट्या पाटीवर बस, काही होत नाही तिला, आमच्याकडं पोलीसपण तिच्यावरच बसतात. चहा घेशील ना? घे. राग आहे म्हणून चहा पाजायचा नाही, असली रीत नाही आमची. ओ शेठ, दोन कटिंग इकडं! — हं. आता समोर बघ. माझ्याकडं नको, समोर. काय दिसतं?

तुला तुझं काम दिसत असेल. मला काय दिसतं सांगू? तीन मजली बिल्डिंगची आख्खी बाजू, आणि तिच्यावर मी, पुंजाराम, पंचवटीतल्या मालेगाव स्टँडच्या उतारावरचा फुलवाला. तोंड राखाडी — जिवंत माणसाचं तोंड कधी राखाडी असतं का गं? — डोळे खाली गेलेले, पापण्या मिटल्यासारख्या, आणि सगळ्या चेहऱ्याला वरच्या दोन कोपऱ्यांतून सोडलेला हा एवढा झेंडूचा हार. केशरी. एकेक फूल टेम्पोच्या चाकाएवढं. आता तू पुण्याची असलीस तरी मराठीच ना? तुमच्या घरी भिंतीवर आजोबांचा फोटो असेल ना? त्याला हार कधी घातला? आजोबा गेल्यावर घातला. मग? हे तुला शिडीवर चढताना नाही सुचलं, रंग कालवताना नाही सुचलं, त्या पाळण्यात बसून वर लोंबकळत होतीस तेव्हा नाही सुचलं, आणि इथं खाली येणारी-जाणारी बाई पहिल्या संध्याकाळी हात जोडून उभी — 'कधी गेले हो?' मलाच विचारते! माझ्या दुकानात उभी राहून, माझ्या हातात शेवंती असताना, मलाच विचारते, अप्पा कधी गेले!

हसू नकोस. नाही, हसलीस, मी पाहिलं. पहिल्या दिवशी मीपण हसलो. जग गेलं उडत. जगाचं काय, जगाला मी दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तोंड दाखवलं, शिव्या घातल्या, जगाची खात्री पटली. पण एकानं ते खरं धरलं. माझ्या पोरानं. सोमनाथनं. आणि त्याच्यासाठी तुला बोलावलंय, ते पुसणं-बिसणं डोक्यातून काढ. काय करायचं ते सांगतो शेवटी, पण आधी माझं ऐकून घ्यावं लागेल तुला, कारण तळपायाची आग मस्तकात गेलीय माझ्या, ती उतरल्याशिवाय मला नीट सांगता यायचं नाही.

सिंहस्थ येतोय म्हणून तुम्ही सगळे आलात. या, आमची ना नाही. भिंती रंगवा, गोदामाई दाखवा, घाट दाखवा. पण एकाला तरी विचारलंत का इथल्या? पहिली ती दोन पोरं आली, कागदावर आधीच छापून आणलेली मोठीमोठी चित्रं, आणि मैद्याची खळ करून भिंतीला चिकटवली. मैद्याची! मी तेव्हाच म्हणालो, बाबांनो, हा पंचवटीचा उतार आहे, इथं मोकळी गुरं हिंडतात. ऐकलं नाही. सकाळी बघतो तर दोन गाया भिंतीला तोंड लावून निवांत चाटताहेत, साधूबाबाचं चित्र कमरेपर्यंत खाल्लेलं, फक्त जटा राहिल्या वर. मग आली ती पत्र्याची जाळी कापून आणणारी बाई — बाईच म्हणायची ना, केस बारीक होते — तिनं पत्रा धरायचा आणि फुस्स करायचं, की चिमणी तयार. इलेक्ट्रिकच्या पेटीवर चिमणी, गटाराच्या झाकणावर चिमणी, सुलभवाल्याच्या दारावर चिमणी. ते बरं होतं, खोटं कशाला बोलू, पेटीवर लोक पानाची पिंक टाकायचे ते बंद झाले. चिमणीवर कोण थुंकणार? पण तो फवाऱ्याचा वास! आख्खा दिवस माझा मोगरा त्या वासात. मोगरा वास देतो तसा घेतोपण, हे कुणाला माहीत नाही? संध्याकाळी एकजण गजरा परत घेऊन आला, म्हणे बायको विचारते, गॅरेजमधून आणला का?

आणि तुझं काय कमी होतं? आधी येऊन त्या कोऱ्या भिंतीवर काळ्या रंगानं काय ते फुल्या, गोल, उलटे बाण, त्रिकोण — सगळी भिंत भरून टाकली. आम्हाला काय ठाऊक की ती खुणेची गिचमीड असते, तिचा फोटो काढून मोबाइलवर चित्र त्याच्यावर बसवतात आणि मग कुठं नाक येणार, कुठं कान, ते कळतं? तू नंतर सांगितलंस. पण त्याच्या आधी दोन दिवस उतारावर कुणी त्या भिंतीखालनं जाईना. करणी केली म्हणे. सखुबाई भाजीवाली, ती तर रोज तिथंच बसते, तिनं लिंबू-मिरच्या आणून ठेवल्या भिंतीच्या बुडाशी, आणि वर मला सांगते, अप्पा, तुमच्या दुकानाच्या तोंडासमोर आहे, तुम्हीपण एक नारळ फोडून टाका. फोडला मी! आता सांगायला लाज वाटते, पण फोडला.

मग तू इथं आलीस, ह्याच पाटीवर बसलीस, म्हणालीस, 'अप्पा, तुमचा फोटो काढू? ह्या उताराचा चेहरा पाहिजे मला.' बरं वाटलं. हो, वाटलं बरं, त्यात काय? इतकी वर्षं इथं हार ओवतोय, इथून पुढं गेलेल्या माणसांच्या गळ्यात, गाड्यांच्या काचेवर, तिरडीवर, नवरीच्या वेणीत माझीच फुलं, पण माझं तोंड काही कुणी मागितलं नव्हतं. मी आपला शर्ट बदलायला निघालो, तर तू म्हणालीस, नको, तसेच बसा, आणि माझ्याकडं बघू नका, काम करत राहा. म्हणून मी खाली बघितलं. तू सांगितलंस म्हणून बघितलं खाली! हातात सुई होती, तिच्याकडं बघत होतो. आता तू हात काढलेच नाहीस चित्रात. सुई नाही, दोरा नाही, फुलांची पाटी नाही. नुसतं खाली बघणारं तोंड. मग माणूस खाली कशाला बघतोय? कळायचं कसं लोकांना? मेलाय म्हणून बघतोय.

आता तू म्हणशील, राखाडी रंग म्हणजे स्टाइल असते. असते ना. तुझ्या कॉलेजात असते. इथं उतारावर राखाडी म्हणजे राख.

तू रंग संपल्या संपल्या पुण्याची गाडी धरलीस. इकडं संध्याकाळी काय झालं ऐक. आमची थोरली बहीण, कुसाक्का, घोटीला दिलेली, तिचा नातू रुद्र, तो इथं कॉलेजला असतो, बसमधून जाताना त्याला भिंत दिसली. आता गाढवा, खाली उतर, चार पावलं चाल, आजोबाचं दुकान आहे, बघ उघडं आहे का बंद! नाही. बसच्या खिडकीतून फोटो काढला, स्टेटसला टाकला, खाली दोन हात जोडलेले आणि भावपूर्ण श्रद्धांजली. मग काय, एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. सकाळी उजाडायच्या आत कुसाक्का जीप करून दारात. जीपमधनंच गळा काढलेला — 'माझ्या पुंज्या रं, मला न सांगता कसा गेलास रं' — आणि मी ओट्यावर ब्रश करतोय, तोंडात फेस. मला बघितलं आणि आधी किंचाळली, मग हातातली पिशवी घेऊन मला झोडपायला लागली. भावाला! जिवंत निघालास म्हणून! मग तिथंच बसून पुन्हा रडली, ते वेगळं रडणं होतं. तांदूळ आणले होते तिनं येताना, आपल्या शेतातले इंद्रायणी, दु:खाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. तेच शिजवून खाल्ले आम्ही.

आणि इकडं भिंतीचं बघ. आधी काय होतं तिथं? उकिरडा. आख्ख्या उताराची मुतारी. तिथं 'येथे लघवी करू नये' लिहून झालं, देवांच्या टाइल्स लावून झाल्या, देवांवरपण केली लोकांनी. तू मला तिथं टांगलंस आणि चार दिवसांत जागा स्वच्छ! कुणी झाडलं तेपण माहीत नाही. गेलेल्या माणसासमोर कसं करायचं, म्हणून सगळे पुढं जायला लागले. उदबत्ती लागली. कुणीतरी पणती ठेवली. बाहेरगावचे दर्शनाला येणारे, ते गाडी थांबवून विचारतात, ये किनकी समाधी है? आणि मग — हे ऐक, हे ऐकण्यासारखं आहे — समोर फुलांचं दुकान दिसतं, म्हणून माझ्याकडं येतात, माझ्याचकडून हार घेतात, आणि पलीकडं जाऊन मलाच वाहतात! मी देतो. काय करू? धंदा आहे. एकाला म्हणालो, बाबा, तो मीच आहे, तर त्यानं माझ्या पाया पडून सेल्फी काढला.

इथवर मी हसतच होतो. रागावलो होतो, पण हसत होतो. खरी गोष्ट पुढंच आहे.

माझ्या पोराचं आणि माझं बोलणं नाही. चार वर्षं होतील दसऱ्याला. कशावरनं? फुलांवरनंच. दुसऱ्या कशावरनं भांडणार आम्ही? घरात तो आणि मी दोघंच, त्याची आई गेली तेव्हा तो लहान होता. ओवायला मीच शिकवलं, आईच्या जागी मांडीवर बसवून शिकवलं. बोटं अशी चालायची त्याची, मशीन झक मारेल. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऐन गर्दीत, हा टेम्पोतून पोती उतरवतो. मी म्हणालो, काय माल आहे? उघडून बघतो तर प्लॅस्टिकचा झेंडू! तोरणं, माळा, सगळं प्लॅस्टिक. म्हणे अप्पा, हे सुकत नाही, सडत नाही, मांडववाले हेच मागतात, आपणपण ठेवू. आणि टांगलं त्यानं दुकानाच्या दर्शनी, माझ्या खऱ्या झेंडूच्या डोक्यावर. माझं डोकंच फिरलं. मी ओढून काढलं सगळं आणि रस्त्यावर फेकलं, गिऱ्हाइकाच्या देखत. आजही तेच करीन. प्लॅस्टिकचं फूल देवाला घालायचं? ज्याला सुकणं माहीत नाही ते फूल कसलं? जाऊ दे. तो ओरडला, मी ओरडलो, उतार सगळा गोळा झाला. तो म्हणाला, तुम्ही मेलात तरी तोंड बघायला येणार नाही. असं म्हणाला. सगळ्यांसमोर. मग मी काय गप्प बसेन? मी म्हणालो, माझ्या मातीला ह्याला कळवायचं नाही, सांगून ठेवतो सगळ्यांना, कुणी कळवलं तर याद राखा.

तो गेला मालेगावला. मांडव-डेकोरेशन करतो, चांगलं चाललंय असं ऐकतो. ऐकतो म्हणजे, लोक सांगतात, मी विचारत नाही.

आता कळलं का तुला काय झालं? त्यानं ते स्टेटस बघितलं. राखाडी तोंड, मिटलेले डोळे, हार, श्रद्धांजली. आणि त्याला घरनं फोन नाही. कुणाचाच नाही, ते खोटं आहे म्हणून सांगायलापण नाही, तंबी मीच दिलेली ना. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अरे, फोन कसा नाही आला, विचारू तरी. पण त्याला वाटलं, बरोबर आहे, म्हातारा सांगूनच गेला होता, ह्याला कळवू नका. बोलल्याप्रमाणं केलं म्हाताऱ्यानं. मला ओळखतो ना तो! मी बोललो की बोललो, हे त्याला माहीत आहे. तिथंच फसला. मग आपण कशाला कुणाला विचारायचं, ह्याची पण मान ताठ, कुणाची मान आहे ती शेवटी.

रामकुंडावर लहानू आहे आमचा. न्हावी. दहाव्याला आलेल्यांची डोकी करतो. रोज संध्याकाळी घरी जाताना इथं टेकतो, तू बसलीस तिथंच. परवा आला, तंबाखू मळत मळत हसत म्हणतो, 'अप्पा, आज तुमच्या नावाचा पिंड पडला. पुंजारामच कुणीतरी, मालेगावकडचा असेल, पोरगा तिकडनं आला होता.' मी म्हणालो, पडेना का, पुंजाराम आपल्या जिल्ह्यात गावागणिक दोन सापडतात. मग तो म्हणतो, 'पण पोरगा गुणाचा. पाण्यात सोडायला हार आणलेला, घाटावरचा नव्हता, स्वतः ओवून आणलेला, मी विचारलं. काय हार होता! झेंडू, मध्येमध्ये तुळस, आणि शेवट दोऱ्यानं नाही, केळीच्या सोपानं बांधलेला. मला वाटलं तुमच्याच दुकानातला.'

केळीच्या खुंटाची साल सोलून, त्या सोपानं कोण बांधतं आता? माझा बाप बांधायचा. मी बांधतो. आणि मी एकालाच शिकवलंय.

मी सुई खाली ठेवली. विचारलं, लहानू, त्याचं डोकं केलंस तेव्हा टाळूला काही दिसलं? तो म्हणाला, हो, खोक पडल्याची खूण होती जुनी. ह्याच दुकानाच्या फळीवरनं पडला होता तो, रांगत होता तेव्हा. लहानू घाटावर नवा, दोनच वर्षं झाली त्याला, त्याला काय माहीत मला पोरगा आहे का पोरगी. मी कधी बोललो तर कळेल ना.

थांब, चहा आला. घे. — ठेव रे इथं. — घे, निवतो.

तर पिंड ठेवला म्हणे. कावळा येईना. आता तुला माहीत असेल ना, का तेपण तुमच्याकडं स्टाइलच? कावळा शिवला म्हणजे गेलेल्याचा जीव मोकळा झाला, काही इच्छा उरली नाही. नाही शिवला तर काहीतरी अडकलंय त्याचं. मग घरच्यांनी हात जोडून एकेक बोलायचं, की बाबा, तुझं हे मी करीन, ते करीन, तू काळजी करू नको. सोमा एकटाच. बरोबर मांडवावरची दोन पोरं, ती लांब उभी. तो म्हणाला, अप्पा, तुमच्या दुकानाला कुलूप लागू देणार नाही. नाही आला कावळा. म्हणाला, अप्पा, प्लॅस्टिक पुन्हा दुकानात आणणार नाही. नाही आला. लहानू सांगत होता हे सगळं, जवळच उभा होता तो, मजा म्हणून सांगत होता गं मला, की बाबा काय हट्टी पुंजाराम असेल हा, मेला तरी ऐकेना! मग म्हणाला, अप्पा, मी चुकलो, तोंड बघायला यायला पाहिजे होतं. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं, बाकीच्यांचे पिंड उरकले, गुरुजी म्हणाले आता दर्भाचा कावळा करून शिववू, चालतं शास्त्राला. तर हा ऐकेना. थांबा म्हणाला, येईल. त्या तापलेल्या दगडावर, ताज्या भादरलेल्या डोक्यानं, बसून राहिला. कावळे समोर, पिंपळावर, वाटेल तेवढे. एक खाली उतरेना.

येतील कसे? मी इथं बसून शेवंती निवडत होतो! हाकेच्या अंतरावर, आणि तो उताराकडं न फिरकता परस्पर घाटावर! मेलोच नाही तर कावळा शिवेल कसा?

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, लावला पिंडाला, झालं. आणि उठताना तो लहानूला काय म्हणाला माहीतये? म्हणाला, 'काका, त्यांनी मला माफ नाही केलं. मेल्यावर पण नाही.' असं म्हणून गेला तो. घेऊन गेला ते डोक्यात. आता तिकडं मांडव बांधत असेल आणि त्याच्या डोक्यात हेच असेल, की बाप मेला तो माझ्यावर रागातच मेला. कावळ्यानं सांगितलं. आणि हे कुणामुळं? ह्या भिंतीमुळं. तुझ्यामुळं! तुला एक रंग नाही मिळाला गं माझ्या गालाला द्यायला? आख्खी दुनिया रंगवायला निघालात, आणि माझ्या तोंडाला तेवढा रंग संपला?

रडतेस काय? रडू नकोस. मी काय मारलं का तुला? पूस डोळे. हे घे, गमछा ओला आहे, पण स्वच्छ आहे, फुलांवर टाकायचा आहे. मी बोलतो असा. सगळ्यांशी असाच बोलतो. त्यानं तुझं काही वाईट होत नाही.

काय? फोन? हो, नंबर आहे. पाठ आहे. त्याचा बदललेला नंबरपण पाठ आहे — मिळवला मी, कुठनं का मिळवेना. म्हणून? मी फोन करू? मी? तो म्हणाला तोंड बघणार नाही आणि मी आपला फोन करून सांगू, बाबा रे, मी जिवंत आहे, बघतोस का तोंड? आणि तू काय गं हसतखेळत सांगतेस, लावा ना फोन! लावला असता तर तुला पुण्यावरनं कशाला बोलावलं असतं? काल दिवसभर हातात धरून बसलो होतो तो डबडा. काय बोलायचं? 'मी मेलो नाही' — हे काय बोलणं झालं? आणि समज लावला. समज त्यानं उचलला, आवाज ओळखला, आणि म्हणाला, बरं, ठीक आहे, आणि ठेवला. मग? मेलेल्या बापासाठी आला तो. डोकं भादरून आला, हार ओवून आला, उन्हात बसला, चुकलो म्हणाला. जिवंत बापासाठी येईल याची काय गॅरंटी? आत्ता निदान माझ्यापाशी एवढं तरी आहे, की तो तिथं बसला होता. फोन केला आणि तेपण गेलं तर मी काय करू ते सांग. तू चहा पी. आणि फोन-फोन करू नकोस.

नाही, तूपण करायचा नाहीस. नंबर देणारच नाही मी तुला.

आता ऐक काय करायचं ते. पांढरा डबा गाडीत टाक, तो लागणार नाही. हार राहू दे. हो, राहू दे, हार माझ्या धंद्याचा आहे, आणि भिंतीखाली पुन्हा उकिरडा व्हायला नको. फक्त खाली हात काढ माझे, सुई काढ, दोरा काढ, म्हणजे दिसेल की हा बाबा हार घालून घेत नाहीये, ओवतोय. तोंडाला रंग भर. माझा आहे तो रंग भर, काळा तर काळा, गोरं करू नकोस, नाहीतर लोक म्हणतील मेल्यावर सुधारला. आणि डोळे उघड. उघडता येतात ना? पापणी आहे तिथंच, तिच्यावर रंग देऊन? बघ तुझं तू, ते तुझं काम. पण वर उघड, सरळ, समोर बघणारे. इथं दुकानाकडं नको, लांब, आग्रा रोडकडं, मालेगावची गाडी येते तिकडं बघणारे काढ. मग त्या रुद्र्याला मी सांगतो, गाढवाला, की ह्यावेळी खाली उतरून फोटो काढ आणि टाक तुझ्या स्टेटसला, त्याच ठिकाणी, ज्यांनी ज्यांनी आधीचा बघितला त्या सगळ्यांना दिसला पाहिजे. तिथनं पुढं ज्याला यायचं तो येईल. नाही आला तर नाही आला, मी कुणाला बोलावलं नाही.

चल, ऊठ. चहा संपव आणि चढ तुझ्या त्या पाळण्यात, ऊन तापायच्या आत डोळे तरी होऊ देत. — हो हो, आलो मावशी, दूर्वा आहेत, ताज्या आहेत, थांबा — जा गं तू, बघत काय राहिलीस, धंद्याचा टाइम आहे माझा.

आणि ए, ऐक! ते डोळे — मी आत्ता असा बोलतोय ना तुझ्याशी, तसे काढू नकोस. रागावलेले नको. एवढं बघ. जा.